डेबियन 11 ते 13: कर्नल हेडर, ग्लिबसी आणि वाचनालयातली यंत्रं

कुळागर (रविवार, रात्री 9.50)

मंडळी, फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात सहा डेस्कटॉप आहेत, आणि कोपऱ्यात एक जुनं यंत्र आहे ज्याला आम्ही कौतुकाने सर्व्हर म्हणतो. सगळ्यांवर डेबियन 11 (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टम). तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 2024 च्या ऑगस्टमध्येच थांबली आणि एलटीएसची (त्यानंतरच्या वाढीव दुरुस्तीची) मुदत 31 ऑगस्ट 2026 ला संपतेय. चवथीच्या सुट्टीत निवांत करू असं कार्यकारिणीचं म्हणणं होतं, पण चवथ येतेय 14 सप्टेंबरला. म्हणजे भर पावसातच हे काम काढावं लागणार.

11 वरून थेट 13 वर उडी चालत नाही, मध्ये 12 वर टेकावं लागतं, हे ठाऊक आहे. अडतंय ते पुढच्या गोष्टींवर.

वायफाय. इमारत जुनी, जांभ्या दगडाची. केबलसाठी भिंतींना हात लावू देत नाहीत, म्हणून सगळीकडे यूएसबी डोंगल. चिप रिअलटेक 8821सीयू. 11 च्या कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) तिचा ड्रायव्हर नाही, म्हणून बाहेरून आणून डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारं साधन) बांधलाय.

देवघेवीचा प्रोग्राम. आमच्याच एका माजी वाचकाने सी++ मध्ये लिहून दिलेला. तो आता परदेशात, सोर्स कोड कुणाकडे नाही, आहे ती नुसती बायनरी. तिला एलडीडी (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी कमांड) लावलं की यादीत लिबएसएसएल 1.1 (ओपनएसएसएलची एन्क्रिप्शनची लायब्ररी) दिसते आणि 12 मध्ये तर ती नाहीच.

पुस्तकसूची. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, सगळी नावं मराठीत. याचं काही होणार नाही असं मी धरून चाललोय.

आणि एक वेगळंच लफडं. मध्ये एक डेस्कटॉप दुरुस्तीला दिला होता. दुकानातल्या मुलाने त्यावर 12 ची रेपो (पॅकेजांचं भांडार) जोडून "फक्त एकच पॅकेज" टाकलं. त्या पॅकेजने मागोमाग नवी ग्लिबसी (सगळ्या प्रोग्रामांना लागणारी मूळ सी लायब्ररी) ओढून आणली. आता त्या यंत्रात कर्नल 5.10 आणि ग्लिबसी 2.36 आहे. चालतंय, पण कर्नल हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) टाकायला गेलं की असं पॅकेजच नाही म्हणतं. याला परत 11 वर नेता येईल का?

(कमांडा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच रोमनमध्ये टाका.)

---

रोंबाट (रविवार, रात्री 10.05)

विंडोज टाका नि सुटा.

---

कुळागर (रविवार, रात्री 10.11)

रोंबाटराव, या यंत्रांत टीपीएम 2.0 चा (सुरक्षेच्या चिपचा) पत्ता नाही. विंडोज 11 उंबऱ्यावरूनच परत पाठवेल, आणि 10 चा आधार 2025 च्या ऑक्टोबरात संपला. पुढचं बोला.

---

शेवटचा_कदंब (रविवार, रात्री 11.30)

आधी दुकानातून आलेल्या यंत्राचं बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

कर्नल एका यंत्रात कितीही ठेवता येतात. प्रत्येकाचं /लिब/मॉड्यूल्स खाली स्वतःचं दालन असतं. ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीत) हवा तो निवडायचा, नवा रुसला तर जुन्यावर परत यायचं. ग्लिबसीचं तसं नाही. ती एकच असते, आणि एलएसपासून अ‍ॅप्टपर्यंत (ही पॅकेजं टाकणारी कमांड) सगळे तिच्याच जिवावर जगतात. शिवाय ती एकाच दिशेने चालते. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नवीवर चालतो. नवीवर बांधलेला जुनीवर आणलात, तर "जीलिबसी_2.34 सापडत नाही" असा शेरा मिळतो. तिच्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचा शिक्का असतो आणि प्रोग्राम तो शिक्का मागतो. त्या यंत्रावर 12 चं जे पॅकेज आलं ते आता 2.36 वर विसंबून आहे. ग्लिबसी मागे ओढलीत तर ते पडेल, आणि ओढता ओढता अ‍ॅप्टच पडलं तर सावरायला हाताशी काही उरणार नाही. डेबियन असं मागे जाणं मानतही नाही. तेव्हा ते यंत्र पुढेच न्या. सगळी रेपो 12 ची करा आणि अपग्रेड पूर्ण करून टाका. बाकीची यंत्रं नंतर झाली तरी चालतील, पण हे अर्धवट ठेवू नका.

5.10 कर्नलवर 2.36 चालतेय याचं नवल नको. ग्लिबसी 2.26 पासून पुढे तिला कर्नल किमान 3.2 लागतो, बस. कर्नलवाल्यांचा नियमच आहे की चालत्या प्रोग्रामचं बाहेरून दिसणारं काही मोडायचं नाही. मोडतं ते आत, आणि तिथेच तुमचा डोंगल बसलाय. कर्नलच्या आतल्या फंक्शनांना कसलीही हमी नाही. ती नावं बदलतात, जागा बदलतात, नाहीशीही होतात. कर्नलच्या सोर्समध्ये असलेला ड्रायव्हर ज्याने बदल केला तोच दुरुस्त करतो. बाहेरच्या ड्रायव्हरकडे कुणी बघत नाही.

आता हेडर का सापडत नाहीत ते. तुमचा चालू कर्नल कुठला ते युनेम -आर ने बघा. डेबियनची नेहमीची रेपो चालू आवृत्तीचीच हेडर ठेवते, जुनी काढून टाकते. यंत्र दुकानात पडून होतं, मध्ये कर्नलची सुरक्षा-आवृत्ती पुढे गेली, आणि तुम्ही अजून जुनाच कर्नल चालवताय. नवा कर्नल टाका, रीबूट करा, मग हेडर मागा. त्याहून बरं म्हणजे आवृत्तीचा आकडा नसलेलं लिनक्स-हेडर्स-एएमडी64 हे मेटापॅकेज टाकून ठेवा. मग कर्नल आला की त्याची हेडर सोबतच येतात.

खात्री करायची तर /लिब/मॉड्यूल्स मधल्या चालू आवृत्तीच्या दालनात "बिल्ड" नावाची लिंक असते, तिला एलएस -एल लावा. ती /यूएसआर/एसआरसी मधल्या हेडरांकडे बोट दाखवते. हेडर नसतील तर लिंक नसते, नाहीतर अधांतरी लोंबकळत असते. डीकेएमएस तिथेच जाऊन बघतं.

आणि एक. या हेडरांचा आणि /यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स मधल्या हेडरांचा गोंधळ करू नका. ती दुसरी लिनक्स-लिबसी-डेव्ह या पॅकेजातून येतात. ती साधे प्रोग्राम बांधण्यासाठी असतात आणि आवृत्ती चालू कर्नलशी जुळलीच पाहिजे असं काही नाही. नेटवर जुन्या लेखांत /यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स पुसून तिथे कर्नल सोर्सची लिंक ठेवा असा सल्ला अजून फिरतोय. त्याच्या नादी लागू नका.

---

कुळागर (सोमवार, सकाळी 7.20)

कदंबराव, हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे डोंगलचा ड्रायव्हर 12 वर एकदा आणि 13 वर एकदा, असा दोनदा बांधायचा?

---

शेवटचा_कदंब (सोमवार, सकाळी 8.45)

बांधायला गेलात तर दोनदा मोडेल. 11 चा कर्नल 5.10, 12 चा 6.1, 13 चा 6.12. पहिल्या टप्प्यात 5.17 ओलांडावं लागतं. तिथे पीडीई_डेटा हे कॅपिटलमधलं नाव स्मॉल अक्षरांत गेलं आणि बाहेरचे कितीतरी वायफाय ड्रायव्हर त्या एका नावावर अडले. दुसऱ्या टप्प्यात, थेट 6.12 मध्येच, अनअलाइन्ड.एच ही हेडर फाइल एएसएम खालून लिनक्स खाली हलली. म्हणजे इन्क्लूडची ओळच चुकते.

पण तुम्हाला बांधायचंच कशाला? कर्नलच्या स्वतःच्या आरटीडब्ल्यू88 ड्रायव्हरमध्ये यूएसबी चिपांचा आधार 6.2 पासून आला. त्यात 8821सीयू आहे, 8822बीयू, 8822सीयू नि 8723डीयूही आहेत. म्हणजे 13 वर तुमचा डोंगल डीकेएमएसशिवाय चालायला हवा. त्रास आहे तो मधल्या 12 वर, कारण तिथला 6.1 नेमका एक पाऊल मागे. तिथे रेंगाळूच नका. अपग्रेडला बसण्याआधी डीकेएमएसचं मॉड्यूल काढून टाका (डीकेएमएस रिमूव्ह, शेवटी --ऑल), एक लांब केबल राउटरपासून यंत्रापर्यंत जमिनीवरून सोडा, 12 करा, त्याच बैठकीत 13 करा, मग केबल गुंडाळा.

मॉड्यूल आधी काढायचं आणखी एक कारण आहे. नवा कर्नल बसताना त्याच्या मागे डीकेएमएसचा हूक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालतो. बांधणी फसली की तो हूक चूक परत करतो, कर्नलचं पॅकेज अर्धवट राहतं आणि त्याच्या मागे रांगेत असलेली सगळी पॅकेजं खोळंबतात. बघणाऱ्याला वाटतं अपग्रेडच मोडलं. असतं काय, तर एक फुटकळ वायफाय मॉड्यूल. कुणाचं असं झालं असेल तर /व्हार/लिब/डीकेएमएस खाली त्या मॉड्यूलच्या दालनात मेक.लॉग वाचा, मॉड्यूल काढा आणि डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा. सगळं परत टाकायची गरज नसते.

फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा कोड) विसरू नका. 12 पासून डेबियनने फर्मवेअर नॉन-फ्री मधून काढून नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या कप्प्यात ठेवलंय. सोर्सेस.लिस्ट मध्ये (रेपोंच्या यादीत) तो शब्द घातला नाहीत तर ड्रायव्हर असूनही डोंगल मुका.

---

विजेरी (सोमवार, दुपारी 1.15)

लिबएसएसएल बद्दल. कुळागर, एलडीडीवर जाऊ नका. ते प्रोग्रामला थेट काय लागतं एवढंच दाखवत नाही, त्याच्या लायब्रऱ्यांना काय लागतं तेही त्याच यादीत घालतं. तुमचा प्रोग्राम पोस्टग्रेसशी बोलतो म्हणजे लिबपीक्यू वापरत असणार, आणि 11 मधली लिबपीक्यू स्वतः लिबएसएसएल 1.1 वर उभी आहे. रीडएल्फ -डी लावून फक्त "नीडेड" च्या ओळी इथे टाका.

---

कुळागर (सोमवार, सायंकाळी 6.40)

ताई, या ओळी:

लिबक्यूटी5विजेट्स, लिबक्यूटी5कोर, लिबपीक्यू.एसओ.5, लिबपीथ्रेड.एसओ.0, लिबएसटीडीसी++.एसओ.6, लिबसी.एसओ.6

एसएसएल कुठेच नाही!

---

विजेरी (सोमवार, सायंकाळी 7.05)

वाटलंच होतं. मग काळजी सोडा. लिबपीक्यूचा बाहेरचा आकडा 12 आणि 13 दोन्हींत 5 च आहे. नवी लिबपीक्यू आतून ओपनएसएसएल 3 ला जोडलेली येईल आणि तुमच्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागणार नाही. क्यूटी 5 (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी) अजून 13 मध्ये आहे, फक्त अ‍ॅप्टला ती आपोआप आलेली वाटून ऑटोरिमूव्हमध्ये जाऊ नये म्हणून अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल करून ठेवा. लिबपीथ्रेड ग्लिबसी 2.34 मध्ये मूळ लिबसीतच विलीन झाली, तरी जुन्या बायनरींसाठी त्या नावाची पोकळ फाइल ठेवलेली आहे.

समजा खरंच एसएसएल 1.1 थेट लागली असती, तरी नेटवरून कुठलं तरी डेब पॅकेज उचलून नव्या यंत्रात कोंबू नका. ओपनएसएसएल 1.1.1 चा सार्वजनिक आधार 11 सप्टेंबर 2023 ला संपला. अशा वेळी 11 चं आख्खं यूजरस्पेस (कर्नल सोडून बाकी सिस्टम) डीबूटस्ट्रॅपने एका फोल्डरमध्ये उतरवायचं, सिस्टमडी-एनस्पॉनने त्यात प्रोग्राम चालवायचा आणि बाहेरचं नेट तोडायचं. आत जुनी ग्लिबसी, जुनी एसएसएल, खाली कर्नल नवा. कदंबराव म्हणाले तो न मोडण्याचा नियम इथे कामी येतो.

---

पाटो_पूल (सोमवार, रात्री 8.30)

ताई म्हणतात ते जुनं आत, नवं खाली. उलटं केलं की कधी कधी रडवतं. जुन्या डॉकरच्या (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) सर्व्हरवर ग्लिबसी 2.34 किंवा पुढची असलेला नवा कंटेनर चढवला की आत साधा थ्रेडही निघत नाही, आणि चूक म्हणे "परवानगी नाही". ही ग्लिबसी थ्रेडसाठी आधी क्लोन3 ही सिस्टम कॉल करून बघते. कर्नलने "अशी कॉल माहीत नाही" म्हटलं तर गुमान जुन्या क्लोनवर जाते. पण जुन्या डॉकरचा सेककॉम्प फिल्टर (कुठल्या कॉल चालू द्यायच्या ते ठरवणारी चाळणी) मध्येच "परवानगी नाही" म्हणायचा आणि ग्लिबसीला ते खरं वाटायचं. डॉकर 20.10.10 मध्ये ते सुधारलं. लोक कर्नल बदलत बसतात, दोष असतो भलतीकडे.

---

खाजनवाट (सोमवार, रात्री 10.00)

पुस्तकसूचीचं काही होणार नाही असं धरून चाललात, तिथे जरा थांबा. मला या सगळ्यात तीच जागा सर्वांत धोक्याची वाटते. वायफाय बंद पडलं तर लगेच कळतं. हे कळत नाही.

पोस्टग्रेस मजकुराची क्रमवारी सहसा ग्लिबसीच्या लोकेलकडून (भाषेनुसारच्या नियमांकडून) घेतो. क ख ग घ कुठे, अनुस्वार आधी की नंतर, हे सगळं ग्लिबसी ठरवते. त्या क्रमाने लावलेला इंडेक्स (शोध जलद करणारी यादी) डिस्कवर पडून असतो. ग्लिबसी बदलली आणि तिने क्रम जरा इकडचा तिकडे केला, तर इंडेक्स जुन्या क्रमात आणि शोध नव्या क्रमात. पुस्तक टेबलात आहे, शोधलं तर सापडत नाही. युनिक इंडेक्स असेल तर तेच नाव दोनदा आत शिरतं. 2018 मध्ये ग्लिबसी 2.28 ने क्रमवारीचे तक्ते मोठ्या प्रमाणात बदलले तेव्हा जगभर हेच झालं होतं. तुमचा प्रवास 2.31 ते 2.41 म्हणजे तो मोठा बदल मागे पडलाय, पण मराठीच्या बाबतीत "बहुतेक काही नसेल" यावर मी सूची सोडणार नाही.

तपासणं सोपं आहे. आत्ता, 11 वर असतानाच, सगळी पुस्तकनामं एका फाइलीत काढा आणि एलसी_ऑल मध्ये एमआर_आयएन.यूटीएफ-8 देऊन सॉर्ट करून ठेवा. अपग्रेडनंतर मूळ फाइल परत तशीच सॉर्ट करा आणि दोन्हींना डिफ लावा. तुमच्या डेटाबेसचं लोकेल दुसरं असेल तर तेच घ्या, \एल टाकलं की दिसतं.

पोस्टग्रेसच्या आवृत्त्या डेबियनबरोबर 13, 15, 17 अशा जातात. प्रत्येक मुक्कामी पीजी_अपग्रेडक्लस्टर चालवा. तो मुळात डंप (डेटाची पूर्ण नक्कल) घेऊन नव्या क्लस्टरमध्ये (नव्या आवृत्तीच्या डेटाबेस-साठ्यात) भरतो, म्हणजे इंडेक्स नव्यानेच बांधले जातात. धोका आहे तो ज्यांनी डिस्कवरच्या फायली जशाच्या तशा उचलल्या त्यांना, आणि ज्यांनी यंत्र वर नेलं पण जुना क्लस्टर तसाच चालू ठेवला त्यांना. शंका असेल तर रीइंडेक्स डेटाबेस करा. 15 पासून पोस्टग्रेस स्वतःच डेटाबेसची कोलेशन (क्रमवारीची) आवृत्ती जुळत नाही असा इशारा देतो. तो दिसला तर आधी रीइंडेक्स, मगच रिफ्रेश कोलेशन व्हर्जन. उलट केलंत तर इशारा गप्प होईल आणि इंडेक्स तसाच सडका राहील.

---

रोंबाट (सोमवार, रात्री 10.20)

मी विंडोज म्हटलं ते मस्करीत. पण एक खरं विचारतो, पावसात करताय तर विजेचं काय? आमच्याकडे पेडण्यात एक गडगडाट झाला की फेज गेलीच म्हणून समजा.

---

शेवटचा_कदंब (सोमवार, रात्री 10.45)

रास्त प्रश्न. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर घ्या. तरीही मध्येच गेली तर डीपीकेजी --कॉन्फिगर -ए आणि अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल यांनी बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. डाउनलोड आदल्या दिवशीच उरकायचं, --डाउनलोड-ओन्ली देऊन. सगळ्या यंत्रांना तीच पॅकेजं लागणार, तर तुमच्या सर्व्हरवर अ‍ॅप्ट-कॅचर-एनजी बसवा. पहिलं यंत्र नेटवरून घेईल, बाकीची तुमच्याच हॉलमधून. गावच्या नेटवर हा फरक मोठा आहे.

आणि थेट फुल-अपग्रेड नको. आधी अ‍ॅप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज, मग फुल-अपग्रेड. त्याआधी अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड बघून घ्या. कुणी कधी कर्नल होल्डवर ठेवला आणि विसरला, असं फार आढळतं.

---

कुळागर (पुढचा शनिवार, सायंकाळी 5.30)

दुकानातून आलेलं यंत्र 13 वर पोचलं. 12 वर फक्त रीबूटपुरता थांबलो. केबल दारातून आत, मासिकांच्या टेबलाखालून. दोन आजोबा अडखळता अडखळता वाचले, मग तिच्यावर चटई टाकली.

13 वर डोंगल लावला तर वायफायच्या जागी सीडी ड्राइव्ह दिसायला लागली! एलएसयूएसबी मध्ये आयडी 0बीडीए:1ए2बी. यूएसबी-मोडस्विच टाकलं, डोंगल काढून परत लावला, आयडी बदलला आणि आरटीडब्ल्यू88 ने उचलला. डीकेएमएस आता यंत्रात नाहीच.

देवघेवीचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात उघडला. विजेरीताई, चवथीला नेवऱ्या पाठवतो.

सर्व्हर अजून केलेला नाही. खाजनवाट यांनी सांगितलेली सॉर्ट केलेली फाइल काढून ठेवलीय. अडलंय ते /बूट वर. वेगळं पार्टिशन आहे, जेमतेम 250 एमबीचं, आणि 13 च्या सूचनांत 768 एमबी नि त्यातले 300 रिकामे असावेत असं लिहिलंय.

---

रोंबाट (शनिवार, सायंकाळी 6.00)

जुनी हेडर पुसा ना, जागा होईल.

---

पाटो_पूल (शनिवार, सायंकाळी 6.25)

हेडर /यूएसआर/एसआरसी मध्ये असतात, ती पुसून /बूट मध्ये एक केबीही मोकळी होणार नाही. /बूट खातात ते कर्नल आणि त्याहून जास्त इनिटआरडी (बूट होताना लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल). चालू कर्नल सोडून बाकीचे 5.10 पर्ज करा. मग /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये मॉड्यूल्स=मोस्ट असेल ते डेप करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. इनिटआरडी बरीच आक्रसते, कारण मग फक्त त्याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर आत जातात. डिस्क दुसऱ्या यंत्रात लावायची वेळ आली तर ती बूट होईलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवा. एवढ्यानेही 250 त दोन कर्नल मावत नसतील तर /बूट मूळ पार्टिशनवर हलवणं हाच मार्ग, पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तसं करू नका, आधी इथे विचारा.

---

कुळागर (शनिवार, सायंकाळी 6.50)

एन्क्रिप्ट नाही. डेप करून बघतो. डंप पेनड्राइव्हवर घेतलाय, रविवारी वाचनालय बंद असतं तेव्हा सर्व्हरला बसतो.